बरणीचं झबलं

माझी जाऊ जे काही देते, ते तिने स्वतः कधीच उघडून पाहिलेलं नसतं. इथे कॅनडात, मिल्टनच्या तिच्या घरात कपड्यांच्या खोलीत वरचा एक कप्पा फक्त देण्याघेण्यासाठी आहे. तिथे ब्लाउजपीस येतात, काही महिने विसावतात आणि दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत पडून पुढे जातात. एकदा मी तिला संक्रांतीला दिलेला पॉलिएस्टरचा पीस पुढच्या वर्षी तिच्याकडूनच मला परत आला. त्यावर मी लावलेलं हळदीकुंकवाचं बोट तसंच वाळलेलं होतं.

ब्लाउजपीस सगळ्याच बायका फिरवतात. मीही फिरवते. पण फिरवण्याआधी निदान बघावं तरी.

काही वर्षांपूर्वी नवरात्रात तिने माझी ओटी भरली. नारळ, तांदूळ आणि त्रिकोणी घडीतला एक खण. घरी येऊन मी तो माझ्या देण्याच्या पिशवीत टाकणार होते, तेवढ्यात हाताला वजन लागलं. कागदाची पट्टी काढली तर आत अस्सल हातमागाचा खण. जांभळा, लाल काठांचा, अंगभर बारीक बुट्टी. सासूबाईंचं माहेर बागलकोटकडचं. त्याआधी दोनच महिने त्यांनी पुण्याहून येणाऱ्या कुणाबरोबर दोघी सुनांसाठी तिकडचे खण पाठवले होते. मला हिरवा, मोठीला जांभळा. माझा हिरवा तोपर्यंत शिवूनही झाला होता. मोठीने तिचा न उघडताच माझ्या ओटीत घातला होता.

मी कुणाला काही सांगितलं नाही. आमच्या घरात मोठ्या सुनेबद्दल काही सांगायचं म्हणजे आधी आपणच कशा हलक्या मनाच्या आहोत ते ऐकून घ्यायचं. शिवाय राग आला की लगेच बोलून मोकळं होणं मला जमत नाही. मी तो नीट घडी करून ठेवते. त्या खणाबरोबर तोही कपाटात गेला.

मी ओंटारिओतल्याच केंब्रिज गावात राहते. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात एका लाइनची जबाबदारी माझ्याकडे आहे. त्यामुळे शिवण हा माझा छंद वगैरे नाही, पोटाचा धंदा आहे. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक वयस्क जपानी बाई राहते. लायब्ररीत सगळ्यांसाठी ठेवलेल्या शिलाई मशीनवर तिचा दोरा अडकला होता, तो मी सोडवून दिला, एवढीच आमची ओळख. ती घराच्या बेसमेंटमध्ये चटया अंथरून जपानी पद्धतीचा चहा शिकवते. तिचे विद्यार्थी तिला सेन्सेई म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत बाई. मीही तेच म्हणू लागले.

चहासाठी मी तिथे गेले नाही. तो चहा म्हणजे पालक वाळवून दळल्यासारखी हिरवी पूड, ती गरम पाण्यात घोटायची. मला तिथे थांबवलं ते एका पिशवीने. ती पूड अंड्याएवढ्या मातीच्या बरणीत ठेवतात आणि त्या बरणीला रेशमी पिशवी घालतात. पिशवी एकाच बरणीसाठी शिवलेली असते, दुसरीला बसत नाही. आधी बरणीची मापं घेऊन कागदाचा बेत कापायचा, मग वरचं कापड, आत कापसाचा पातळ थर, अस्तर, तोंडाशी हाताने घातलेली फासांची रांग आणि त्यातून ओवलेली गोफासारखी दोरी. कारखान्यात आम्हाला दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे चालतात. इथे तेवढ्याने पिशवी गबाळी दिसते. सेन्सेईने माझी पहिली पिशवी पाहिली आणि न बोलता उसवली. दुसरीही उसवली. त्या दिवशी मी ठरवलं, हे शिकायचंच.

ती सांगायची की जुने जपानी चहावाले हिंदुस्थानातून जहाजाने आलेल्या कापडांसाठी वेडे व्हायचे. पट्ट्यापट्ट्यांचं, छापील, जे मिळेल ते. एवढासा तुकडा मिळाला तरी त्याची पिशवी करायचे आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळायचे. हे ऐकलं आणि मला कपाटातला खण आठवला. तो मी तिच्यासमोर उलगडला तेव्हा ती बराच वेळ अंगठ्याने काठ चाचपत राहिली. मग म्हणाली, "हा कापताना चूक करू नकोस."

मी चूक केली नाही. काठाची लाल पट्टी बरोबर बरणीच्या खांद्यावर येईल असा बेत बसवला. पिशवी पुरी झाल्यावर सेन्सेईने ती उलटसुलट पाहिली, आत बोट घालून अस्तर पाहिलं आणि फक्त मान हलवली. तिची मान वर्षातून एकदा हलते. वर म्हणाली, "पहिली नीट जमलेली वस्तू आपल्याकडे ठेवायची नसते. कुणाला तरी दे."

कुणाला द्यायची हे मला तत्क्षणी कळलं. त्यात प्रेमाचा भाग नव्हता. पुढच्या नवरात्रात जावेकडे गेले आणि बरणीसकट ती पिशवी तिच्या ओटीत घातली. मनात एवढंच, की बघू तरी स्वतःचा खण ओळखते का.

"अय्या, किती क्यूट!" जाऊ म्हणाली. "काय ठेवायचं यात? वेलदोडे?"

"तुम्हाला हवं ते ठेवा, वहिनी," मी म्हटलं.

तिने नाही ओळखला. जो कधी पाहिलाच नाही, तो ओळखणार कसा?

मात्र त्या पिशवीचा फोटो तिने इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, त्याचं फार कौतुक झालं, आणि महिन्याभरात तिचा फोन आला. "अगं, मीही येते तुझ्या त्या क्लासला. माइंडफुलनेस असतं ना त्यात?" दर शनिवारी ती मिल्टनहून गाडी हाणत यायला लागली. उगाच वाईट बोलणार नाही, चहा करण्यात ती माझ्यापेक्षा पुष्कळ बरी निघाली. वीस वर्षं मंडळाच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन केलेली बाई. बसणं, उठणं, मान लववणं, चार लोक बघत असताना हात स्थिर ठेवणं, हे तिला आधीपासूनच येत होतं. सुई मात्र तिने एकदाही हातात धरली नाही. नखं खराब होतात म्हणायची.

गेल्या ऑक्टोबरमध्ये सेन्सेईच्या गटाने प्रदर्शन भरवलं. नदीकाठच्या जुन्या गिरणीत आता गॅलरी आहे, तिथे. ओंटारिओतल्याच लोकांनी हाताने घडवलेल्या चहाच्या वस्तू, एवढाच विषय. आमच्यातल्या एका कुंभार बाईचे वाडगे होते, एका निवृत्त सुताराने बांबू वाकवून कोरलेल्या पळ्या होत्या, पाण्याची भांडी होती, माझ्या चार पिशव्या होत्या. खिडकीबाहेर मेपल पेटल्यासारखे लाल झाले होते आणि आत प्रत्येक वस्तूला पुरेशी मोकळी जागा दिली होती. मला ते आवडलं. आपल्याकडे प्रदर्शन म्हणजे टेबलावर टेबल.

उद्घाटनाच्या दिवशी मी कारखान्यातून थेट गेले. माझ्या चार पिशव्या जागेवर होत्या. त्यांच्या पलीकडे, खास वेगळ्या काचेच्या पेटीत, जांभळ्या खणाची पाचवी पिशवी होती. खाली छापील पाटी. पाटीवर वस्तूचं वर्णन, 'भारतीय हातमागाचं कापड', आणि शिवणारी म्हणून माझ्या जावेचं नाव.

मी ती पाटी दोनदा वाचली. मग जावेला शोधलं. ती कुंभार बाईबरोबर फोटो काढत होती. तिला बाजूला घेतलं.

"वहिनी, ती पिशवी मी शिवलीय."

"हो गं, माहीत आहे मला." ती हसली. "पण तू मला दिलीस ना? ओटीत घातलेल्या वस्तूवर कुणी नाव लावतं का आपलं? टेक्निकली ती माझीच झाली."

"पिशवी तुमची झाली. शिवण कशी तुमची होईल?"

"अगं, फॉर्म भरताना त्यांनी नाव विचारलं, मी घातलं. तुझ्या चार आहेतच की तिथे. सगळं तुझ्याच नावाने असतं तर लोक म्हणाले असते एकाच बाईचं दुकान आहे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "एवढ्यातेवढ्यावरून मनाला नको लावून घेऊस. घरातल्या घरातच आहे."

हे 'घरातल्या घरात' मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. घरातल्या घरात म्हणजे माझ्या घरातून तिच्या घरात.

पाट्या गॅलरीने फॉर्मवरून परस्पर छापलेल्या, सेन्सेईने त्या वाचल्या नव्हत्या; तिच्याकडे जाऊन तक्रार करता आली असती. पाटी बदलली गेली असती, जाऊ म्हणाली असती, 'अय्या, छापणाऱ्यांचा घोळ झाला वाटतं,' आणि मी एका पाटीसाठी रडणारी बाई ठरले असते. मला पाटी बदलून नको होती. तिच्या तोंडून हवं होतं, लोकांसमोर.

आणि त्याची सोय चहानेच करून ठेवली होती.

प्रदर्शनाच्या शेवटच्या रविवारी लोकांना चहा करून दाखवायचा होता. यजमान जाऊ, कारण तिला उत्तम जमतं. पहिली पाहुणी मी, कारण पाहुण्याने काय बोलायचं ते मला पाठ होतं. या चहात गप्पा मारायच्या नसतात. चहा पिऊन झाला की पहिल्या पाहुण्याने बरणी, पळी आणि पिशवी हातात घेऊन बघायची आणि यजमानाला ठरलेले प्रश्न विचारायचे. बरणी कुठल्या भट्टीतली? पळी कुणी कोरली? पिशवीचं कापड कुठलं? आणि शेवटचा प्रश्न, शिवण कुणाची? विचारणं ही पाहुण्याची रीत, सांगणं ही यजमानाची. जपानी लोक धन्य आहेत. त्यांनी शिंप्याचं नाव विचारायची सोय करून ठेवली.

पण नुसता प्रश्न पुरला नसता. जाऊ गोड हसून "मीच शिवली" म्हणाली असती आणि टाळ्या घेऊन गेली असती. तिची जीभ मला ठाऊक आहे. म्हणून तिच्या हातांचा बंदोबस्त करायचं मी ठरवलं.

सेन्सेईने मला शिवणीबरोबर दोरीच्या गाठीही शिकवल्या होत्या. रोजची गाठ सोपी असते, एक टोक ओढलं की सुटते. पण पूर्वी मोठ्या घरांत चहा सांभाळणारा माणूस पिशवीला स्वतःची गुप्त गाठ मारायचा, म्हणजे मालकाच्या चहात कुणी विष कालवू नये. वरून फुलासारखी दिसते. बांधणाऱ्याला कुठली पाकळी आधी ओढायची ते माहीत असतं. दुसऱ्या कुणी ओढली की फास आवळतो. क्लासमध्ये ती गाठ फक्त मी शिकले होते, कारण फक्त मी शिवत होते.

त्या रविवारी मागच्या खोलीत बरणीत पूड भरायचं काम माझ्याकडे होतं. मी चाळून पूड भरली, काचेच्या पेटीतून काढून आणलेली जांभळी पिशवी चढवली आणि फूल बांधलं. छान जमलं होतं. कारखान्याच्या लाइनवर असतं तर कुणी परत पाठवलं नसतं.

जाऊ उशिरा पोचली. चारशे एक नंबरच्या हायवेवर अपघातामुळे गाड्या तुंबल्या होत्या. बरोबर सासूबाई. त्या उन्हाळ्यापासून तिच्याकडे आलेल्या होत्या, दिवाळीनंतर परत जाणार होत्या. सुती साडी, पायात धावायचे बूट, वर फुगलेलं जॅकेट, आणि चेहऱ्यावर 'इथे खुर्ची कुठे आहे' हा प्रश्न. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. जाऊ पैठणी नेसली होती. सेन्सेईची साडीला हरकत नव्हती, पण भांड्यांना चरा पडू नये म्हणून दागिने काढावे लागतात. तिने बांगड्या, अंगठ्या काढून सासूबाईंच्या ओच्यात टाकल्या. बरणी मी आधीच चटईवर मांडून ठेवली होती. तिने गाठीकडे पाहिलंही नाही. बघण्याची तिला सवय नाही, ते मी सांगितलंच आहे.

हॉल भरला होता. सेन्सेई कडेला माइक घेऊन बसली होती आणि काय चाललंय ते हळू आवाजात समजावत होती. जाऊ आली, बसली, नमस्कार केला. सुंदर दिसत होती. तिने बरणी गुडघ्यांसमोर घेतली. सेन्सेई माइकवर म्हणाली, "आता यजमान पिशवीची दोरी सोडेल."

जावेने एक पाकळी ओढली. काही झालं नाही. दुसरी ओढली. फास आवळला.

ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर अजून सूत्रसंचालनाचं हसू होतं. तिसरी पाकळी नखाने उचकटायला गेली तर नखाचा रंगीत तुकडा उडून चटईवर पडला. किटली सूं सूं करत होती. मागे कुणीतरी खोकलं.

सेन्सेईने वाकून गाठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी पाहुण्यासारखी हात मांडीवर ठेवून समोर बघत होते. आणि मग माइकवर लोकांना ती सगळी गोष्ट सांगितली. मोठी घरं, विषाची भीती, गुप्त गाठ. "ही गाठ," ती म्हणाली, "जो बांधतो, तोच सोडू शकतो." लोक खुर्च्यांमध्ये पुढे सरकले. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

जाऊ गुडघ्यांवर माझ्या दिशेने वळली आणि ओठ न हलवता म्हणाली, "हे तू केलंयस ना? सोड."

"पाहुण्याने यजमानाचं काम करायचं नसतं, वहिनी."

"नाटकं करू नकोस. लोक बघतायत."

"म्हणूनच."

"काय पाहिजे तुला?"

"ही कुणी शिवली ते सांगा. मोठ्याने. इंग्लिशमध्ये."

"आत्ता?"

"नाहीतर मग बसू या. मला घाई नाही. विंटर टायर्सची अपॉइंटमेंट उद्या आहे."

"तू इतकी खुनशी असशील असं वाटलं नव्हतं मला."

"हे मराठीत नको. इंग्लिशमध्ये."

तिने एक श्वास घेतला. मला वाटलं आता तिचा चेहरा पडेल. तीस माणसांसमोर ती एकदा तरी अडखळेल, त, त, प, प करेल. त्या क्षणासाठी मी दोन आठवडे जेवत होते, झोपत होते, कामावर जात होते.

ती सरळ बसली, लोकांकडे वळली आणि तिचा तो मंडळातला आवाज लावला. म्हणाली, चहा उघडण्याआधी ज्या हातांनी ही पिशवी घडवली त्यांना वंदन करायला हवं. ही पिशवी माझ्या धाकट्या जावेने शिवली आहे. पाटीवर चुकून माझं नाव पडलं, पण आज ती माझी पहिली पाहुणी आहे, म्हणून ही गाठ मी तिलाच सोडायला देते. असं म्हणून तिने दोन्ही हातांवर पिशवी ठेवून माझ्यापुढे धरली आणि वाकली.

टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने डोळे पुसले.

मी गाठ सोडली. दुसरं काय करणार? माझं नाव घेतलं गेलं होतं, मला हवं होतं तसं, मोठ्याने. आणि तरी सगळ्या टाळ्या तिच्या होत्या. ती आता सरसर चहा घोटत होती, पैठणीचा पदर जागचा हलत नव्हता. वाडगा माझ्यापुढे आला तेव्हा मी तो दोन्ही हातांत घेऊन फिरवला, प्याले आणि ठरवलं की आता कापडाचाही प्रश्न विचारायचा. खरं तर तो मी गाळणार होते. शिवणीचा हिशेब चुकता झाला असता तर खणाचं मी उकरून काढलं नसतं.

शेवटी वस्तू बघायची वेळ आली. बरणी कुठली, पळी कुणाची, सगळं रीतसर झालं. मग मी इंग्लिशमध्येच विचारलं, "आणि पिशवीचं कापड?"

ती आता रंगात आली होती. तिने पिशवी लोकांना दिसेल अशी उंच धरली. "हा खण. आमच्याकडचं हातमागाचं कापड. ब्लाउजसाठी वापरतात."

"आपल्या घरात तो कुठून आला?" मी विचारलं. हा प्रश्न ठरलेल्या प्रश्नांत नाही. सेन्सेईची भुवई वर गेली.

जावेला अर्थातच माहीत नव्हतं. "भारतातून," ती म्हणाली.

पहिल्या रांगेत सासूबाईंनी चष्मा चढवला. 'खण' हा शब्द त्यांना पुरला होता. त्या उठल्या, जावेच्या बांगड्या ओच्यात किणकिणत होत्या, आणि सरळ चटईच्या कडेपर्यंत आल्या. "बघू गं ते."

"आई, नंतर दाखवते. प्लीज बसा ना," जाऊ म्हणाली.

"आण इकडे." त्यांनी पिशवी घेतली, काठावरून अंगठा फिरवला, सेन्सेईने फिरवला होता अगदी तसा. "हा माझा खण. जांभळा. हा मी तुला पाठवला होता मोठे. हिला हिरवा, तुला जांभळा. तू तर म्हणालीस ब्लाउज शिवला, गणपतीत घातला, सगळ्यांनी विचारलं कुठून आणला म्हणून."

जाऊ माझ्याकडे बघू लागली. पहिल्यांदा तिच्याकडे शब्द नव्हते. त, त, प, पसुद्धा नव्हतं. मी तो चेहरा अगदी नीट पाहून घेतला. तो अजून माझ्याजवळ आहे, आणि कारखान्यात कंटाळा आला की मी काढून बघते.

"वहिनींनी तो माझ्या ओटीत घातला, आई," मी म्हटलं. "घडी न मोडता."

मला वाटलं आता सासूबाई मोठीवर तुटून पडतील. त्या माझ्याकडे वळल्या.

"तिला अक्कल नाही, तिने दिला. तुला तर कळत होतं ना कुणाचा आहे? मग मला फोन करायचास की कापायचास? एवढा खण! त्याचं बरणीला झबलं केलंस?"

"आई, जपानमध्ये या कापडाला फार—"

"जपानचं मला सांगू नकोस. बरणीला कधी थंडी वाजते का?"

लोक मंत्रमुग्ध होऊन ऐकत होते. सेन्सेईने अत्यंत गंभीरपणे सासूबाईंसमोर चटईला डोकं टेकेपर्यंत नमस्कार केला. सासूबाईंनीही हात जोडले, पिशवी जावेच्या मांडीवर टाकली आणि जाऊन खुर्चीत बसल्या. कार्यक्रम संपला असं सगळ्यांना वाटलं आणि पुन्हा टाळ्या पडल्या. बाहेर पडताना एका माणसाने मला विचारलं की आम्ही तिघी इतकं अस्खलित जपानी कुठे शिकलो.

मागच्या खोलीत वाडगे धुताना सेन्सेई माझ्याशेजारी उभी राहिली. "गाठ चांगली होती," ती म्हणाली. हातातला वाडगा पुसून ठेवत म्हणाली, "माझ्या चहात पुन्हा बांधायची नाही." तिने स्वतः जाऊन ती पाटी काढली आणि नवी लिहून लावली. प्रदर्शन उतरवायला तासभर उरला होता. तेवढा वेळ माझं नाव त्या काचेच्या पेटीखाली होतं. मी कोट घालून तिथेच उभी राहिले, कुणी वाचतंय का ते बघत. तिघांनी वाचलं.

जाऊ आणि सासूबाई एकाच गाडीतून मिल्टनला परत गेल्या. त्या गाडीत मी नव्हते, याची हळहळ मला अजून आहे. पण त्या प्रवासात जे काही झालं असेल त्याचा परिणाम असा, की त्याच आठवड्यात सासूबाई बॅग घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. दिवाळीनंतर विमानात बसेपर्यंत त्या रोज सकाळी माझ्या शिवणाच्या टेबलाशी उभ्या राहून विचारायच्या, "आज कुणाला झबलं?" माझी आमटी पातळ आहे हेही त्यांना तेव्हाच कळलं. सूडाचं पार्सल असं घरपोच येतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तरी पश्चात्ताप झाला नाही. तो चेहरा आमटीपेक्षा मोलाचा होता.

जाऊ क्लासला यायची थांबली नाही. ते मला अपेक्षित नव्हतं. माझ्याशी कामापुरतं बोलायची, सेन्सेईशी जास्त. कारखान्यात माझी शनिवारची पाळी असली की मी जात नसे, त्या दिवशी ती मागे थांबते असं कुंभार बाईकडून कळलं. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

संक्रांतीला मिल्टनला हळदीकुंकू होतं. बाहेर गुडघाभर बर्फ, आत पंचवीस बायका आणि भट्टीसारखं हीटिंग. जावेने सगळ्यांची ओटी भरली. माझी पाळी आली तेव्हा तिने मला कुंकू लावलं, तिळगूळ दिला, "गोड बोल" म्हणाली, आणि ओटीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. हाताला लागताच मला कळलं.

घरी येऊन उघडलं. माझीच पिशवी, आत बरणी. दोरीला गाठ. फूल नाही. चार पदर एकमेकांत शिरलेले, मध्ये घट्ट चौकोन, टोकं कुठेतरी आत लपवलेली. ही मला येत नाही. सेन्सेईने मला शिकवलेल्या गाठींत ही नव्हती. म्हणजे तिच्याकडे आणखी होत्या, आणि तिने त्यातली एक जावेला दिली.

मी सेन्सेईला फोन केला. "हो, मी शिकवली," ती म्हणाली. "तिला लांब नखं कापायला सांगितलं, तिने कापली."

"कशी सोडायची?"

"जो बांधतो, त्याला विचार."

हलवलं की बरणीत काहीतरी खुळखुळतं. काटेरी हलवा असावा. नवरा म्हणतो, कात्री लाव किंवा वहिनीला फोन कर, दोन मिनिटांचं काम. त्याला यातलं काही कळत नाही. तो गोफ मी स्वतः निवडलेला आहे, त्याला मी कात्री लावणार नाही. आणि फोन तर नाहीच. जेवणाच्या सुट्टीत मी ती पिशवी डब्याशेजारी ठेवून बसते आणि एकेक पदर बघते. एक टोक सापडलंय. ओढलं नाही अजून.

दरम्यान तो हळदीकुंकवाचं बोट वाळलेला पॉलिएस्टरचा पीस मी माझ्या देण्याच्या पिशवीतून काढून इस्त्री करून ठेवला आहे. नवरात्राला अवकाश आहे. तिच्या ओटीत तो वरच घालीन, घडी मोडून, बोट दिसेल असा.